एका थेंबापुरती जागा

उकळत्या पाण्यात रबर पडले की त्याला एक ओलसर, आंबूस वास सुटतो. त्या वासाच्या तळाशी जळत्या स्पिरिटचा गोडवा असतो, आणि अगदी वर उन्हात वाळलेल्या कापसाचा, जवळजवळ नसलेला गंध. तुळजापूरच्या दवाखान्यात माझी सकाळ या वासांनी उजाडत असे. डोळ्यांत औषध घालायच्या काचेच्या नळ्या आणि त्यांच्या रबरी टोप्या मी पातेल्यात उकळत ठेवी. नळ्या कडेला लागून किणकिणत, आणि त्याच वेळी खालच्या अंगाने, देवीच्या देवळातून, संबळ ऐकू येई. नोकरी सुटून आता बराच काळ लोटला. तरी कुकरच्या झाकणातले रबर तापले की मी हातातले काम ठेवते आणि क्षणभर उभी राहते.

दिवाळी अंकासाठी नोकरीतले काही गमतीचे प्रसंग लिहा, असे संपादकांनी कळवले. तसे प्रसंग आहेत. डोळ्याची दवा कानात घालून ‘बाई, आता ऐकू झ्याक येतंय’ म्हणणारा जळकोटचा एक शेतकरी होता. येडशीच्या स्टेशनावर काम करणारे एक गृहस्थ थेंब पडायच्या आधीच डोळे गच्च मिटून ‘झालं का?’ विचारत, आणि त्यांची बायको पदराआड हसून म्हणे, ‘अवो, नळी अजून बाईंच्या हातातच हाय.’ पण लिहायला बसले की लेखणी एकाच उंबऱ्याशी जाऊन थांबते. म्हणून त्याच उंबऱ्याविषयी लिहिते.

डोळ्यात थेंब टाकणे ही काय विद्या, असे बाहेरच्यांना वाटते. ती विद्या अशी. आधी बाटलीवरची चिठ्ठी वाचायची. बाटली उचलताना, नळी बुडवताना, आणि बाटली जागेवर ठेवताना पुन्हा. आमच्या कपाटातल्या जुन्या बरण्यांवर निजामाच्या काळातल्या उर्दू चिठ्ठ्या होत्या, नव्या बाटल्यांवर इंग्रजी. आणि ज्यांच्या डोळ्यांसाठी ती औषधे होती त्यांतल्या बहुतेकांना कोणतीच लिपी येत नव्हती. मग कोणता डोळा ते नीट ठरवायचे, कारण समोर बसलेल्याचा उजवा डोळा आपल्या डाव्या हाताला असतो. हात धुवायचे. ओल्या कापसाचा बोळा नाकाकडून कानाकडे एकदाच फिरवायचा आणि टाकून द्यायचा. त्यानंतर म्हणायचे, ‘वर बघा.’ हा आमचा मंत्र. नजर आढ्याकडे गेली की बुबुळ वर सरकते. खालची पापणी बोटाने हलकेच ओढली की तिथे गुलाबी, ओलसर, नखाएवढी ओंजळ तयार होते. थेंब त्या ओंजळीत सोडायचा, बुबुळावर नाही, आणि नळीचे टोक पापणीच्या केसालाही लागू द्यायचे नाही. डोळ्यात एकाच थेंबापुरती जागा असते. दुसरा टाकला तर तो गालावरून ओघळतो, आणि रोग्याला मात्र वाटते की बाईंनी आज सढळ हाताने दिले. शेवटी नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा थोडा वेळ दाबून धरायचा, कारण तिथून एक बारीक वाट घशात उतरते.

माझे वडील शिक्षक होते. त्यांनी लहानपणी मला टाळ्या देत वृत्ते शिकवली होती. थेंब नळीच्या टोकाशी येऊन लोंबे, तेव्हा मला ओळीतली यतीची जागा आठवे. श्वास थांबलेला असतो आणि पुढचा शब्द अजून यायचा असतो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. आमच्या कपाटात दोन औषधे एकमेकांची वैरी होती. पायलोकार्पिन डोळ्यातली काळी बाहुली आकसवी, ॲट्रोपिन ती पसरवी. दोन्ही पाण्यासारखी नितळ, दोन्हींना वास नाही. बुबुळाला जखम झाली तर ॲट्रोपिन उपकार करते. काचबिंदूत मात्र डोळ्यातले पाणी तुंबून डोळा आतून घट्ट होत जातो आणि दृष्टीची नस चिरडते. तिथे बाहुली आकसली तर तुंबलेल्या पाण्याला वाट मिळते, पसरली तर उरलीसुरली वाटही बुजते.

अंबूबाई महाद्वाराजवळच्या एका बोळात राहत आणि कवड्यांच्या माळा ओवीत. देवीच्या पुजारी भोप्यांच्या, आराध्यांच्या, नवस फेडायला आलेल्यांच्या गळ्यात पडणाऱ्या या माळा. कवडी उताणी ठेवली तर ती अर्धवट मिटलेल्या डोळ्यासारखी दिसते. फटीच्या दोन्ही काठांना पापण्यांसारखे दाते असतात. टोपल्यातून तडकलेली, पिवळी पडलेली, दाता मोडलेली कवडी वेगळी काढणे हे अंबूबाईंचे खरे काम. ओवणे कोणालाही येते, त्या म्हणत. निवडणे येत नाही.

त्यांचा उजवा डोळा काचबिंदूने आधीच नेला होता. सोलापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी डावा तपासून सांगितले की गेले ते येणार नाही, पण पायलोकार्पिन रोज घातले तर आहे ते राहील. सकाळचा थेंब त्यांनी दवाखान्यात येऊन माझ्याकडून घ्यायचा, बाकीचे घरी.

“किती दिस घालायचं?” त्यांनी मला विचारले.

“जन्मभर, मावशी.”

“जन्मभर? नवऱ्यानं बी येवढी साथ दिली न्हाय गं.”

मंगळवारी त्यांचा देवीचा निर्जळी उपास असे. एका मंगळवारी त्या आल्या त्या पदर डोळ्यावर धरूनच.

“आज न्हाय घालायचं. दुपारी सून घालती ते घशात कडू उतरतंय. देवीला काय सांगू? त्वांडानं न्हाय, डोळ्यानं पाणी पिले म्हणून?”

मी त्यांच्या सुनेला, कौसल्येला, बोलावून घेतले. विशीतली सडपातळ मुलगी. दारात उभी राहून ओल्या हातांनी पदराचे टोक पिळत होती. मी तिला सगळे करून दाखवले आणि मग नळी तिच्या हातात दिली.

“आत्याबाई, वर बघा,” ती सासूला म्हणाली.

“वर काय बघू? तुज्या सासऱ्यानं घातलेलं छप्पर असतं तर दिसाचं चांदणं तरी दिसलं असतं.”

कौसल्या हसली, पण तिचा हात हलला नाही. थेंब ओंजळीत पडला, तो पडलेला अंबूबाईंना कळलासुद्धा नाही. कौसल्येने कोपरा दाबून धरला. थोड्या वेळाने मी म्हटले, “मावशी, आता गिळून बघा. कडू लागतंय?”

त्यांनी गिळले. पुन्हा गिळले. “न्हाय,” त्या म्हणाल्या, जणू देवीलाच साक्ष देत होत्या. “उपास शाबूत हाय.”

इतका हलका हात मी पुढे सबंध नोकरीत पाहिला नाही. शिकाऊ परिचारिकांना शिकवताना मी मनात नेहमी कौसल्येचाच हात धरून शिकवले.

पण पायलोकार्पिनचे एक दुःख आहे. बाहुली मोहरीएवढी झाली की उजेडही तेवढाच आत जातो. औषध ज्या दृष्टीला वाचवते, तिच्यावरच सांज आणते.

“तुज्या थेंबानं माजी खिडकी लावून घेतली गं,” अंबूबाई म्हणत. “दिसाढवळ्या कंदील मागायची पाळी आली.”

“खिडकी लावलीय म्हणून घर उभं आहे, मावशी.”

“अंधाऱ्या घरात बसून म्या काय करू? कवड्या कोण निवडंल, तू?”

मी समजावी. आमच्या दवाखान्यातले डॉक्टरसाहेब रागावत. त्या मान डोलावत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारत. ताप उतरलेला दिसतो, जखम भरलेली दिसते. पण न आलेले आंधळेपण कोणाला कसे दाखवायचे? जे घातल्याने आज कमी दिसते आणि न घातल्याने आज काहीच बिघडत नाही, ते औषध मरेपर्यंत घ्या, असे मी एका हातावर पोट असलेल्या बाईला रोज सांगत होते. माझे बोलणे शब्दशः खरे होते. ते तिच्या कोणत्याही कामाचे नव्हते.

नवरात्र जवळ आले. माळांची मागणी वाढली, टोपली भरभरून कवड्या येऊ लागल्या. दिवस लहान, बोळ अरुंद. दुपार कलली की घरात काळोख. एकदा अंबूबाईंच्या माळेत तडकलेल्या कवड्या निघाल्या, तेव्हा माळा विकत घेणाऱ्या दुकानदाराने ती त्यांच्यासमोर जोत्यावर टाकली. “म्हातारे, फुटकी कवडी देवीच्या दारात इकायची व्हय? डोळे गेले असतील तर तसं सांग, दुसरी बघतो.” हे त्यांनीच मला सकाळी सांगितले आणि थेंब घालून घेतला. मी त्यांच्या डोळ्यात पायलोकार्पिन घातलेले ते शेवटचे. दुसऱ्या दिवसापासून आम्हा सगळ्यांना यात्रेकरूंना लस टोचायच्या कामावर पाठवले, आणि मी वेशीवरच्या मांडवात दंड पुसत उभी राहिले.

पुढचे मला कौसल्येने सांगितले. त्यांच्या शेजारी हौसाबाई राहत. त्यांचा जावई उमरग्याकडचा. कडब्याचे पाते लागून त्याच्या बुबुळाला जखम झाली होती आणि तिकडच्या एका डॉक्टरने त्याला ॲट्रोपिन दिले होते. ते त्याला योग्यच होते. सासुरवाडीला आला तेव्हा त्याची बाहुली अशी पसरलेली की बोळातल्या मुली ‘दाजी, रातच्याला उंदीर दिसत्यात का?’ म्हणून हसत. डोळा बरा झाला, जावई गावी गेला, शिशी मागे राहिली. आमच्याकडे उरलेले औषध कोणी टाकत नाही. विरजण देतात तसे ते शेजारी देतात.

“आत्याबाईंनी जावयाचा डोळा बघितला हुता,” कौसल्या म्हणाली. “म्हणल्या, ह्या दवानं त्याची खिडकी सताड उघडली, आन सरकारी दवानं माजी लावून टाकली. मला ह्याच्यातलं घाल. म्या म्हणलं, बाईंना इचारू. तर म्हणल्या, बाई काय सांगणार? सरकारी दवा पाणचट असती. चार दिस घाल, माळा हुद्यात.”

मी त्या तर्कात कितीदा फिरून आले आहे. त्यात कुठेही मूर्खपणा सापडत नाही. त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिले होते, दोन औषधांची तुलना केली होती, आणि उजेडाची बाजू घेतली होती.

आणि उजेड आला. पहिल्या दिवशी अंबूबाई दारात बसून पोरीसारख्या भराभर कवड्या निवडत होत्या. घरातले पायलोकार्पिन कोनाड्यात तसेच राहिले. मग एका सांजेला कौसल्येने समई लावली, आणि अंबूबाईंनी हातातली माळ खाली ठेवली. दिव्याभोवती त्यांना रंगांचे कडे दिसत होते. तांबडे, हिरवे, जांभळे, एकात एक गुंफलेले.

“कौसे, परभावळ,” त्या म्हणाल्या आणि हात जोडून बसल्या.

आमच्या पुस्तकात या कड्याचा उल्लेख एका ओळीत आहे. डोळ्यात पाणी तुंबू लागल्याची ती खूण. पण ज्या बाईने जन्मभर देवीच्या दारात माळा ओवल्या, तिला ज्योतीभोवती सात रंगांची प्रभावळ दिसली, तर तिने दुसरे काय समजायचे? बातमी बोळात पसरली. बायका हळदकुंकू घेऊन आल्या, अंबूबाईंची ओटी भरली, पायांवर डोके ठेवले. कवड्या ओवता ओवता देवी पावली, म्हणाल्या. तोवर अंबूबाईंचे कपाळ ठणकू लागले होते. उलट्या सुरू झाल्या. त्यांनी कोणाला दवाखान्यात येऊ दिले नाही. देवीचं त्याज हाय, म्हणत होत्या, सोसायला पायजे.

दसऱ्याच्या सकाळी कौसल्या मांडवात धावत आली. गर्दीतून वाट काढताना तिच्या एका पायातली चप्पल गेली होती.

“बाई, आत्याबाईंचा डोळा बोटाला गारगोटीवानी लागतोय.”

आणि तिने मूठ उघडली. आत शिशी होती. चिठ्ठी वाचायच्या आधीच मला कळले होते, तरी मी वाचली. सवय.

घरात कापूर, झेंडू आणि ओकारीचा वास कोंडला होता. अंबूबाई भिंतीशी कण्हत होत्या. डावा डोळा लालभडक, बुबुळ श्वास टाकलेल्या आरशासारखे धुरकट, आणि त्यात बाहुली एवढी मोठी, एवढी काळी, की तिच्यात मला माझे प्रतिबिंब दिसायला हवे होते. दिसले नाही. डॉक्टरसाहेबांनी दुखण्यावर इंजेक्शन दिले आणि आम्ही बाहुली आकसवणारे थेंब सुरू केले. “वर बघा, मावशी.” थेंब. थोडे थांबून पुन्हा, “वर बघा.” पण ॲट्रोपिनने धरलेली बाहुली आठवडा-पंधरवडा सुटत नाही. आम्ही एका मिटलेल्या दारावर थेंबांनी ठोठावत होतो.

“सोलापूरला हलवा,” डॉक्टरसाहेब म्हणाले. एसट्या यात्रेने ओसंडत होत्या. उमरग्याहून सोलापूरकडे निघालेला एक ट्रक नाक्यावर गिऱ्हाइकाचा माल उतरवायला थांबला होता. ड्रायव्हरने पुढे जागा करून दिली. मी बरोबर गेले, कौसल्याही. हलत्या गाडीत थेंब टाकता येत नाही, नळी बुबुळात रुतायची भीती. म्हणून दर थोड्या वेळाने ट्रक थांबवावा लागे.

“बाई, और कित्ते बार रोकना?” ड्रायव्हरने एकदा वैतागून विचारले. मग त्याने मान वळवून अंबूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्यानंतर त्याला सांगावे लागले नाही. सावली दिसली की तो आपणच इंजिन बंद करी, आणि त्या अचानक पसरलेल्या शांततेत, ज्वारीच्या शेतांच्या मध्ये, मी म्हणे, “वर बघा.” अंबूबाई दर वेळी वर बघत. एकदाही चुकल्या नाहीत.

सोलापूरच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून पाहिली. दुखणे थांबले. नस मेलेली होती. मरताना तिने आवाज केला नाही. जो काही आवाज झाला तो ओटी भरणाऱ्या बायकांच्या बांगड्यांचा.

कौसल्येने तो थेंब कसा टाकला असेल, ते मला अजून दिसते. हात धुतलेले असतील. पापणी हलक्या बोटाने ओढलेली, नळी कुठेही न टेकलेली, एकच थेंब, बरोबर ओंजळीत. कोपराही दाबून धरला असेल, उपास मोडू नये म्हणून. तिने काहीही चुकवले नाही. आमची सगळी विद्या त्या थेंबात निर्दोष उतरली होती आणि तिनेच डोळा घेतला. पुढे मी कितीजणींना ही विद्या शिकवली, कितीजणांच्या डोळ्यांत किती थेंब सोडले, त्याचा हिशेब नाही. पण त्या विद्येवर पूर्वीसारखा विश्वास पुन्हा कधी बसला नाही. वृत्तात चोख बसलेली ओळसुद्धा खोटी असू शकते, हे वडिलांनी मला शिकवले नव्हते.

दुकानदाराने काम दुसऱ्या बाईला दिले. काही काळाने कौसल्येला मुलगी झाली. बोळातल्या सगळ्या तान्ह्यांच्या डोळ्यांत काजळ असे, हिच्या नव्हते. एकदा मुलीच्या पापण्या चिपडाने चिकटल्या, तर नुसता ओला कापूस फिरवायचे काम. पण कौसल्या तिला छातीशी धरून दवाखान्यात धावत आली.

“अगं, तुला येतं हे,” मी म्हटले. “माझ्यापेक्षा चांगलं येतं.”

“माज्या हातानं न्हाय, बाई,” ती म्हणाली आणि तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. “माज्या हातानं न्हाय.”

तुझ्या हातांचा दोष नव्हता, असे मी तिला सांगितले. पुन्हा पुन्हा सांगितले. तेही शब्दशः खरे होते.

पुढे माझी बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळचे काम आटोपून मी त्या बोळात गेले. अंबूबाई उंबऱ्यावर उन्हात बसल्या होत्या. मांडीवर कवड्यांची मूठभर रास. एकेक उचलून तिच्या फटीवरून त्या अंगठा फिरवत, दाते चाचपत, आणि परत त्याच राशीत टाकत. निवडून वेगळे असे काही ठेवत नव्हत्या. दोन्ही डोळे उघडे, स्वच्छ, त्यांच्यात आकाश पडलेले.

मी काही न बोलता शेजारी बसले. त्यांचा पदर खांद्यावरून घसरला होता तो सारखा करायला मी हात पुढे केला, आणि त्यांचे बोट कवडीवर थांबले. त्यांनी श्वास आत ओढला. माझ्या हातांना पातेल्यातल्या रबराचा, स्पिरिटचा, कापसाचा वास येत होता.

कवडी मांडीवर पडली. अंबूबाईंनी मान मागे टाकली. आपल्याच बोटाने डाव्या डोळ्याची खालची पापणी हळूच ओढून धरली. तिथे ती गुलाबी, ओलसर ओंजळ तयार झाली, एका थेंबापुरती. माझे हात रिकामे होते. त्या वाट पाहत राहिल्या. मग, आपण काही विसरलो तर नाही ना, अशा धास्तावलेल्या आवाजात त्यांनी मला विचारले,

“वर?”